गोगलगायींना दाणा कोण घालतं?

नांदेड-लातूरकडे घरातल्या फिशटँकमध्ये गोगलगायी झाल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'औषध काय टाकायचं?' आपल्या भागात हा प्रश्न सुचण्याला कारणही आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं, दुबार पेरलेलंही सोडलं नाही, आणि पुढे शासनाला त्या नुकसानीची भरपाई जाहीर करावी लागली. तेव्हापासून गोगलगाय म्हटलं की आपल्याला कीड आठवते आणि कीड म्हटलं की हात औषधाकडे जातो. ज्याचं एक पाऊल अजून शेतात आहे, त्याच्या घरात मोरचुदाची पुडी असते, गोगलगायीच्या गोळ्यांचं उरलेलं पाकीट असतं. ते पाकीट आणि बैठकीतली दोन फुटी काचपेटी यांच्यात चार पावलांचंच अंतर असतं. ते अंतर कुणी कापू नये म्हणून हे लिहितो आहे. मासे पाळताना जे मला उशिरा कळलं आणि कळेपर्यंत ज्याची किंमत माशांनी मोजली, ते थोडक्यात असं: टँकमधल्या गोगलगायी आपण टाकलेल्या आणि माशांनी न खाल्लेल्या दाण्यांवर वाढतात. त्यामुळे त्यांचा बंदोबस्त दाण्याच्या डबीपासून सुरू होतो. औषधाची बाटली त्यात कुठेच येत नाही.

आधी हे प्राणी कोणते ते नीट ओळखू, कारण शेतातली गोगलगाय आणि टँकमधली गोगलगाय एक नव्हे. सोयाबीन खाणारी ती मोठी आफ्रिकन गोगलगाय जमिनीवरची. पाण्यात बुडाली तर मरते. टँकमध्ये येणाऱ्या लहानग्या जाती वेगळ्या, आणि आपल्याकडे त्यातल्या तीन नेहमी भेटतात. पहिली, जिला दुकानदार ब्लॅडर स्नेल म्हणतात, ती बोटाच्या नखाहून लहान, फुगीर, पातळ तपकिरी शंखाची. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं तर तिचं तोंड डाव्या हाताला उघडतं. देवघरात ज्या दक्षिणावर्ती शंखासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, त्याचं जे उलटं वळण, तेच या फुकट मिळणाऱ्या गोगलगायीचं आहे. दुसरी रॅम्सहॉर्न, जिलबीसारखी चपट्या वेटोळ्याची. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून तिच्यातला फिकट रंगाचा प्रकार लालबुंद दिसतो. तिसरी ट्रम्पेट, स्क्रूसारखी लांब आणि टोकदार. ती दिवसभर खडीत पुरलेली असते आणि दिवा मालवल्यावर वर येते. टँकमध्ये दहा-बाराच गोगलगायी आहेत असं वाटणाऱ्याने रात्री अकरा वाजता काचेवर बॅटरी मारून पाहावी, म्हणजे दिवसाची मोजणी किती फसवी होती ते कळेल.

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या बिलंदर माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्रानेही या प्राण्यांच्या वर्गाला नेमकं तेच नाव दिलं आहे, उदरपाद. पण त्यांचा खरा बिलंदरपणा पायात नसून वंशवाढीत आहे. ब्लॅडर स्नेल उभयलिंगी असते, आणि जोडीदार मिळाला नाही तरी एकटी अंडी घालू शकते. पानाच्या खालच्या अंगाला किंवा फिल्टरच्या नळीमागे साबुदाण्याच्या खिरीच्या थेंबासारखा एक पारदर्शक लगदा चिकटलेला दिसतो. त्यात डझनावारी अंडी असतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात आणि ती पिल्लं महिन्या-दीड महिन्यात स्वतः अंडी घालू लागतात. ट्रम्पेटची मादी तर नराशिवायच जिवंत पिल्लांना जन्म देते. म्हणजे 'एकच तर दिसली' या वाक्यात दिलासा घेण्यासारखं काही नाही. पण याच माहितीचा दुसरा अर्थ माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. जो प्राणी एकट्याच्या जोरावर शेकड्यांनी वाढू शकतो, त्याची संख्या 'किती आल्या' यावर ठरत नाही. ती ठरते 'किती जणींना पोटभर मिळालं' यावर. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, तीच वनस्पती नेलेल्या दोन घरांपैकी एका घरात वर्षभराने वीस गोगलगायी असतात आणि दुसऱ्यात काच दिसत नाही, ते यामुळेच.

हे पोटभर मिळणं कुठून येतं, त्याचा हिशेब मांडून पाहू. चोवीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच अशा टँकमध्ये काठोकाठ भरलं तर साधारण ७० लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर उरतं ५५ लिटर. त्यात दहा गप्पी मासे धरू, प्रत्येकी अर्धा ग्रॅम. म्हणजे सगळ्या माशांचं मिळून वजन झालं पाच ग्रॅम. थंड रक्ताच्या जिवाला अंग गरम ठेवण्यासाठी अन्न जाळावं लागत नाही. त्याला दिवसाला वजनाच्या दोन-तीन टक्के खाणं पुरतं. हे झाले ०.१० ते ०.१५ ग्रॅम, म्हणजे बारीक दाण्यांची अर्धी चिमूट. आता घरातलं खरं चित्र पाहा. सकाळी आजोबा पूजा झाल्यावर एक चिमूट टाकतात, दुपारी शाळेतून आलेलं पोर एक टाकतं, रात्री बाबा घरी आले की मासे काचेशी धावून येतात म्हणून आणखी एक पडते. चिमूट ०.३ ग्रॅमची धरली तरी दिवसाला जवळजवळ एक ग्रॅम दाणा पाण्यात जातो. गरजेपेक्षा सहा ते नऊ पट. यातला काही भाग मासे हावरटपणाने खाऊन तसाच विष्ठेतून टाकतात आणि बाकीचा खडीत जिरतो. दोन्ही गोष्टी गोगलगायीचं अन्न आहेत. ज्या घरात माशांवर सगळ्यांचं प्रेम, त्या घरात गोगलगायी जास्त, असं जे दिसतं ते या हिशेबातून दिसतं.

यावर लगेच आक्षेप येतो, 'मासे तर सारखे मागतात, उपाशी कसं ठेवायचं?' मासे मागतात हे खरं, पण ते भुकेची खूण म्हणून मागत नाहीत. नदीत खाणं केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून समोर येईल ते खाणं हा त्यांचा स्वभाव बनला आहे. माणूस जवळ आला की दाणा पडतो हेही ते चार दिवसांत शिकतात. पोट भरलेला गप्पीही काचेशी येतो. म्हणून माशाच्या तोंडाकडे न पाहता घड्याळाकडे पाहावं. दोन मिनिटांत जेवढं संपतं तेवढंच, दिवसातून एकदा, आणि घरातल्या एकाच माणसाच्या हातून. बाकीच्यांना टाकण्याचा मोह होत असेल तर औषधाच्या सात कप्प्यांच्या डबीत आठवड्याचा दाणा भरून ठेवावा आणि मोठी बाटली कपाटात जावी; रिकामा कप्पा दिसला की आज जेवण झालं हे सगळ्यांना कळतं. एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवावा. धडधाकट मोठ्या माशाला आठवड्यातून एक एकादशी कधीच बाधत नाही, उलट त्या दिवशी तो खडीत पडलेलं शोधून खातो. नुकतीच जन्मलेली पिल्लं असतील तर मात्र त्यांना उपास नको. त्यांना थोडं-थोडं पण अनेकदा द्यावं लागतं.

आपल्या भागातल्या पाण्याचाही यात वाटा आहे. आपण काळ्या बेसॉल्टच्या खडकावर राहतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार मुरलेले असतात. ते बादलीच्या कडेला पांढऱ्या रेघा पाडतात, गीझरची कॉइल खातात. गोगलगायीला शंख बांधायला हाच कॅल्शियम लागतो. मऊ पाण्यात तिचा शंख झिजतो, ठिसूळ होतो, टोकाशी पांढरा पडतो. आपल्या जड पाण्यात तो काचेसारखा तुकतुकीत राहतो. त्यात उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो, टँकचं पाणी ३० अंशांच्या वर जातं आणि पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. मासे वरच्या थराशी येऊन धापा टाकतात. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न यांना मात्र त्याचं काही वाटत नाही, कारण त्या पृष्ठभागाशी येऊन थेट हवा घेऊ शकतात. पाण्याच्या पातळ पापुद्र्याला खालून चिकटून उलट्या चालताना त्या दिसतात ते बऱ्याचदा यासाठीच. म्हणजे मे महिन्यातलं जे पाणी माशाला जड जातं, ते त्यांना मानवतं. बोअर बदलता येत नाही आणि ऊन कमी करता येत नाही. आपल्या हातात उरतो तो दाणाच.

आता औषधाकडे येऊ. गोगलगायींवर म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचा कर्ता घटक तांबं असतो, आणि घरात तो मोरचुदाच्या रूपाने असतोच. तांबं गोगलगायीला मारतं यात शंका नाही. अडचण अशी की ते किती टाकायचं हे आपल्या पाण्यात कुणालाच नेमकं सांगता येत नाही. जड पाण्यात तांब्याचा काही भाग साका होऊन तळाशी बसतो आणि खडीत धरला जातो. म्हणून पहिल्या मात्रेला काही होत नाही, माणूस दुसरी टाकतो, तिसरी टाकतो, आणि पुढे कधीतरी पाण्याचा सामू घसरला की बसलेलं तांबं पुन्हा विरघळू लागतं. झिंगे तर अत्यल्प मात्रेनेही मरतात आणि नाजूक वनस्पती गळतात. पण समजा, मात्रा अगदी बरोबर पडली आणि एका रात्रीत सगळ्या गोगलगायी मेल्या, तरी खरं संकट तिथूनच सुरू होतं. दोनशे गोगलगायी धरा, प्रत्येकीचं मांस दशांश ग्रॅम. म्हणजे खडीच्या सांदीसांदीत २० ग्रॅम मांस सडायला पडलं. त्यात दहा टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, तर ५५ लिटरमध्ये दर लिटरला जवळजवळ सहा मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने सुटतो. सामू ७ असेल तर त्यातला जेमतेम एक टक्का विषारी मुक्त अमोनिया असतो. पण आपल्या अल्कधर्मी पाण्यात सामू ८ आणि तापमान ३० अंश असेल तर तो भाग सात टक्क्यांच्या पुढे जातो. मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की माशांच्या कल्ल्यांना इजा होऊ लागते. इथे तो ०.४ च्या वर गेलेला असतो. औषधाने मासे मेले असं लोक म्हणतात तेव्हा अनेकदा ते औषधाने मेलेले नसतात. औषध ज्या कामासाठी आणलं ते काम त्याने चोख केलं, म्हणून मेलेले असतात.

शेतातल्या गोळ्यांबद्दल तर दुमतच नको. त्यांत मेटाल्डिहाइड असतं. ते कोरड्या जमिनीवर ठेवायचं आमिष आहे आणि पाण्याच्या साठ्यापासून लांब ठेवायचं विष आहे. बांधावर ओढतात ती चुन्याची पट्टीही पाण्यात चालत नाही. चुना टँकमध्ये पडला तर सामू असा उसळतो की मासे आधी जातात. मीठ टाकून पाहणारेही असतात. पण ट्रम्पेट मचूळ पाण्यातही तग धरते, तेव्हा ती मरेल इतकं मीठ टाकेपर्यंत वनस्पती हातच्या गेलेल्या असतात. इथे कुणी विचारेल, शेताला जे चालतं ते टँकला का नको? उत्तर असं की शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. त्याच्या शेतात गोगलगायीचं अन्न म्हणजे त्याचं पीकच; ते काढून घेता येत नाही, म्हणून त्याला मारण्याचा मार्ग धरावा लागतो. टँकमध्ये अन्न आपल्या बोटांच्या चिमटीत असतं. आणि शेतातसुद्धा कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात रासायनिक गोळ्यांबरोबर हाताने वेचणं आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं आहेतच. संध्याकाळी गोणपाट अंथरायचं, त्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी सकाळी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या. मारण्याचा भाग सोडला तर ही युक्ती जशीच्या तशी टँकमध्ये आणता येते.

गोणपाटाच्या जागी काकडी. रात्री दिवा मालवताना काकडीची जाडसर चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दोऱ्याला बांधून तळाशी सोडावं. चकती तरंगत असेल तर दोऱ्याला काचेची गोटी बांधावी. त्या रात्री माशांनाही दाणा द्यायचा नाही, म्हणजे वासाला स्पर्धा राहत नाही. पहाटे, उजेड होण्याच्या आत, चकती अलगद उचलली की तिच्या खालच्या अंगाला गोगलगायींचा घोस लागलेला असतो. दिवस वर आल्यावर उचलली तर ट्रम्पेट पुन्हा खडीत गेलेल्या असतात आणि हाती नुसती कुरतडलेली काकडी लागते. चकती दिवसभर पाण्यात ठेवू नये. ती कुजली की आपणच गोगलगायींना जेवण वाढल्यासारखं होतं. पानाखालचे अंड्यांचे लगदे नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढावेत. हा उपाय दाणा कमी केल्याबरोबरच करायचा आहे, त्याच्याऐवजी नव्हे. दाणा तसाच ठेवून नुसत्या वेचत राहिलं तर उरलेल्यांना वाटणी जास्त येते, त्या जास्त अंडी घालतात, आणि माणूस महिनोन्महिने वेचतच बसतो. दोन्ही एकदम केलं तर पहिले दोन आठवडे फरक जाणवत नाही, कारण आधीची अंडी फुटत असतात. उतार दिसायला दोन-तीन महिने लागतात. तेवढा धीर नसलेला माणूसच बहुधा तिसऱ्या आठवड्यात बाटली विकत आणतो.

'मग गोगलगायी खाणारा मासाच आणू की' हा पुढचा आक्षेप, आणि तो दिसतो तितका साधा नाही. दुकानात लोच जातीचे मासे मिळतात आणि ते गोगलगायी खातात हे खरं. पण क्लाऊन लोच फूटभर वाढणारा, घोळक्याने राहणारा मासा आहे. दोन फुटी टँकमध्ये तो म्हणजे खोलीत बांधलेला बैल. आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच आकाराने बरा, पण तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. चार गोगलगायींसाठी त्याला नदीतून उपसण्याचं समर्थन मला तरी करवत नाही. केरळच्या नद्यांतला बोटाच्या पेराएवढा पी पफर मन लावून गोगलगायी खातो, पण तो गप्पींच्या शेपट्याही कुरतडतो. राहिली असॅसिन स्नेल, गोगलगायी खाणारी गोगलगाय. हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पण ती हळू काम करते आणि दाणा मुबलक असला तर शिकारीपेक्षा तोच पसंत करते. सगळे उपाय फिरून डबीपाशीच येतात. वर एक नवा मासा आणला म्हणजे खाणारं एक तोंड वाढतं, त्याच्यासाठी दाणा वाढतो, आणि ज्या कारणाने गोगलगायी झाल्या ते कारणच मोठं होतं.

काहीजण म्हणतात, भानगडच नको. टँक रिकामा करा, खडी उकळा, नव्याने भरा. स्वच्छतेची ही हौस आपल्या घरांत जुनीच. पण टँकमध्ये जी स्वच्छता चालते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंमुळे. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर बसलेले हे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. खडी उकळली, स्पंज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात पिळला, की ते गेले; त्यांना पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस मासे स्वतःच सोडलेल्या अमोनियाच्या विषात राहतात. शिवाय एखादं अंडं फिल्टरच्या सांध्यात राहिलंच, तर दोन महिन्यांत पुन्हा पहिले दिवस. आणि पाण्याचं काय? एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे एका गोगलगायीसाठी पन्नास-साठ लिटर पाणी गटारात ओतणं हा उपाय म्हणून सांगायलाही जीभ रेटत नाही. त्यापेक्षा आठवड्याला दहा लिटर पाणी खडीत नळी फिरवून काढावं. तळाशी साठलेला गाळ, म्हणजे गोगलगायींचं कोठारच, त्याबरोबर निघतं. ते पाणी फडक्यातून गाळून कुंड्यांना घालावं. त्यातला नायट्रेट हे झाडांचं खतच आहे. नळाचं पाणी परत भरण्याआधी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं हे दर खेपेला बदलतं, तेव्हा ते एकदम न भरता दोन-तीन दिवसांत वाटून भरावं.

हे झालं आलेल्यांचं. येणाऱ्यांना दारातच अडवणं त्याहून सोपं. गोगलगायी बहुतेक वेळा वनस्पतीबरोबर अंड्यांच्या रूपाने येतात. नवी वनस्पती आणली की लिटरभर पाण्यात चहाचे दोन चमचे तुरटीची पूड विरघळवून तीत दोन-तीन तास बुडवावी आणि मग स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावी. तुरटीने चालत्या-फिरत्या गोगलगायी मरतात, पण अंड्यांचा भरवसा नाही. म्हणून ती वनस्पती तीन-चार आठवडे उजेडातल्या वेगळ्या बादलीत ठेवावी आणि जे फुटून बाहेर येईल ते वेचावं. गोदावरीच्या घाटावरून, मांजरेच्या डोहातून किंवा गावतळ्यातून हायड्रिला उपटून आणण्याची सवय मात्र सोडावी. त्या पाण्यात राहणाऱ्या काही गोगलगायी गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींच्या आणि रक्तातल्या कृमींच्या मधल्या यजमान असतात. त्यांच्यातल्याच एका कृमीने गुरं घोरल्यासारखा श्वास घेऊ लागतात. कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांनाच अशा रक्तकृमींची बाधा झाल्याचं १९५२ साली नोंदलं गेलं, आणि पुढे त्याचा माग एका इवल्याशा शंखापर्यंत गेला. याचा अर्थ घरातली प्रत्येक गोगलगाय रोग घेऊन बसली आहे असा नाही. कृमीला गुरांची किंवा माणसांची साथ मिळाल्याशिवाय त्याचं चक्र फिरत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये वाढलेल्यांना ती मिळत नाही. पण नुकत्याच तळ्यातून आलेल्या गोगलगायीला ही साथ मिळालेली असू शकते. म्हणून टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवावा, आणि हाताला जखम असेल तर घालूच नये.

वेचलेल्या गोगलगायींचं काय करायचं, हा प्रश्न लहान वाटतो, पण जबाबदारीचा आहे. जिवंत गोगलगायी नाल्यात, विहिरीत किंवा नदीत सोडू नयेत. 'बिचारा जीव' म्हणून तर मुळीच नाही. ज्या आफ्रिकन गोगलगायीने आपलं सोयाबीन खाल्लं, तिची भारतातली कथा १८४७ साली मॉरिशसहून आणून कोलकात्यात चौरंगीतल्या एका बागेत सोडलेल्या दोन गोगलगायींपासून सांगितली जाते. सोडणारा माणूस शंखांचा अभ्यासक होता, शत्रू नव्हे. चार गोगलगायींवर दया दाखवून एखाद्या शेतकऱ्याचं रान उजाड करण्यापेक्षा गोगलगायी पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि मग कुंडीच्या मातीत पुराव्यात. शंखातला कॅल्शियम गुलाबाच्या कामी येतो.

शेवटचा आक्षेप उलट्या बाजूचा आहे: 'गोगलगायी शेवाळ खातात, खडी भुसभुशीत ठेवतात, मग त्या काढायच्या तरी कशाला?' हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. वीस-पंचवीस गोगलगायी कुणाचं वाकडं करत नाहीत. त्या मेलेलं पान साफ करतात, काचेवरचा हिरवा थर खरवडतात, आणि ट्रम्पेट खडी उलटसुलट करत राहिल्याने तळाशी कुजका वायू साठत नाही. त्या समूळ नष्ट व्हाव्यात असं माझं म्हणणं नाही. तसं कुणाला जमल्याचंही क्वचितच दिसतं. पण शेकड्यांनी झाल्या की त्या फिल्टरच्या पंख्यात अडकतात, उन्हाळ्यात माशांच्या प्राणवायूत वाटेकरी होतात आणि एखाद्या दिवशी वीज गेली, पंप बंद पडला, काही मेल्या, की पुढचं सडणं मघाच्या हिशेबाप्रमाणे होतं. म्हणून त्यांच्याकडे मापासारखं पाहावं. काचेचा पोस्टकार्डाएवढा एक कोपरा खडूने आखून घ्यावा आणि दर रविवारी रात्री त्या चौकोनातल्या गोगलगायी मोजून कॅलेंडरवर आकडा टाकावा. आकडा चढला तर घरात कुणीतरी दुसरी चिमूट टाकतं आहे, हे न विचारता कळतं. सगळ्या ट्रम्पेट भरदिवसा काच चढू लागल्या तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे किंवा तळ बिघडला आहे, आणि पंप तपासायची वेळ झाली आहे, हेही कळतं. आकडा दोन-तीन महिने हळूहळू उतरत राहिला, तर सात कप्प्यांची डबी आपलं काम करते आहे. मग काकडीही बंद केली तरी चालेल.